प्रोसेसर बदलेल, पण प्रोग्रामचे काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत आपल्या दैनिकात स्वदेशी प्रोसेसरविषयी बरेच छापून आले आहे आणि इंटेलहून वेगळ्या जातीच्या एआरएम प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपच्या जाहिरातीही त्याच पानांवर दिसू लागल्या आहेत. दोन्हीकडे कोअर किती, वेग किती गिगाहर्ट्झ, चिप किती नॅनोमीटरची आणि बॅटरी किती तास टिकते, याचा तपशीलवार हिशेब असतो. ज्याला ते यंत्र टेबलावर ठेवून रोजचे काम उरकायचे आहे त्याला मात्र आधी हे जाणून घ्यायचे असते, की आज आपल्याकडे असलेले प्रोग्राम या नव्या प्रोसेसरवर चालतील का. त्याचे उत्तर बातमीतही नसते आणि जाहिरातीत तर नसतेच. संगणक अभियांत्रिकी शिकवण्यात बराच काळ गेल्यामुळे या विषयाचा मागोवा घेणे हा माझ्या कामाचाच भाग राहिला आहे, आणि त्यातून बनलेले मत मी येथे मांडू इच्छितो. प्रोसेसरची जात बदलण्याचे जे प्रयत्न आजवर फसले किंवा रखडले, त्यांपैकी बहुतेकांत अडचण चिपच्या ताकदीची नव्हती. प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्याच्या हाती होता त्याने तो नव्या यंत्रासाठी पुन्हा तयार करून दिला नाही, किंवा तो कोडच कोणाच्या हाती उरला नव्हता, असे त्या प्रयत्नांचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा आढळते. म्हणून सरकारी खरेदीत आणि स्वदेशी प्रोसेसरच्या योजनांत हा मुद्दा शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर यायला हवा.

अडचणीचे मूळ थोडक्यात सांगतो. प्रोग्रामर सी किंवा फोरट्रानसारख्या भाषेत जे लिहितो ते प्रोसेसरला थेट कळत नाही. कंपायलर त्याचे रूपांतर त्या प्रोसेसरच्या आज्ञासंचातील, म्हणजे त्याला कळणाऱ्या आज्ञांच्या संचातील, आकड्यांत करतो, आणि ग्राहकाला विकली जाते ती बहुधा ही आकड्यांची फाइलच. इंटेल आणि एएमडी यांचा एक्स८६ आज्ञासंच १९७८ च्या ८०८६ पासून थरावर थर चढत वाढला आहे आणि त्यातील एखादी आज्ञा एका बाइटची, तर एखादी पंधरा बाइटपर्यंतची असू शकते. ६४ बिटी एआरएमच्या आज्ञासंचात प्रत्येक आज्ञा बरोबर चार बाइटची असते. त्यामुळे एकासाठी केलेली फाइल दुसऱ्याच्या दृष्टीने निरर्थक ठरते, मग पडद्यावर विंडोज तेच असो आणि प्रोग्रामचे नावही तेच असो. यातून सुटायचे तर सोर्स कोड नव्या आज्ञासंचासाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो, किंवा जुन्या आज्ञांचे नव्या आज्ञांत भाषांतर करणारा प्रोग्राम मध्ये बसवावा लागतो. पहिला मार्ग उत्तम आहे, पण तो कोड असेल तरच खुला होतो.

पुण्याला तरी हा विषय नवा नसावा. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या येथील सरकारी संगणक संशोधन संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या टी८०० या ट्रान्सप्युटरवर. शेजारच्या चिपशी संवाद साधण्यासाठी प्रत्येक ट्रान्सप्युटरमध्येच चार जोडण्या असत आणि त्या जोडण्या गृहीत धरून प्रोग्राम लिहिले जात. त्यानंतर परम ८६०० मध्ये इंटेलचा आय८६० आला, पुढच्या यंत्रांत सन कंपनीच्या घराण्यातले स्पार्क प्रोसेसर आले, २००३ च्या जूनमध्ये जागतिक यादीत १७१ व्या क्रमांकावर आलेल्या परम पद्ममध्ये आयबीएमचा पॉवर४ होता आणि २००८ च्या परम युवामध्ये इंटेलचा झिऑन. सतरा वर्षांत चार वेळा आज्ञासंच बदलूनही हे काम पुढे गेले, याचे श्रेय तेथील अभियंत्यांच्या जिद्दीला आहेच. पण त्यामागे आणखी एक साधी परिस्थिती होती. हवामान, द्रवगतिकी, रेणूंची रचना अशा विषयांतले प्रोग्राम शास्त्रज्ञांनी स्वतः फोरट्रान किंवा सीमध्ये लिहिलेले असत, त्यांचा सोर्स कोड वापरणाऱ्याच्याच हातात असे, आणि प्रोसेसरांमधील संवादासाठी १९९४ मध्ये एमपीआय हे सर्वमान्य मानक आल्यावर जोडण्यांचा तपशील प्रोग्रामपासून दूर ठेवणेही शक्य झाले.

तरीही अशा स्थलांतरात एक सापळा राहतोच. स्पार्क आणि पॉवर४ ही यंत्रे एखादी संख्या स्मृतीत ठेवताना तिचा सर्वांत वजनदार बाइट आधी ठेवत. इंटेलचे प्रोसेसर सर्वांत हलका बाइट आधी ठेवतात. जुन्या यंत्रावर बायनरी स्वरूपात साठवलेली फाइल नव्या यंत्राने जशीच्या तशी वाचली, तर चार बाइटमध्ये लिहिलेला १ हा आकडा १,६७,७७,२१६ असा वाचला जातो. यात प्रोग्राम कोसळत नाही आणि इशाराही देत नाही. उत्तर इतके अवाढव्य चुकले, तर निदान कोणाच्या तरी लक्षात येईल. अपूर्णांकांच्या बाबतीत कधी कधी तेवढेही भाग्य नसते.

कोड हाती असण्याचे महत्त्व दाखवणारे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण आयबीएमच्या एएस/४०० या यंत्रांचे आहे. ही यंत्रे १९८८ मध्ये बाजारात आली आणि बँका, कारखाने, घाऊक व्यापारी यांच्या हिशेबासाठी जगभर वापरली गेली. त्यांच्या रचनाकारांनी एक दूरदृष्टीची सोय ठेवली होती. प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलीत प्रत्यक्ष यंत्राच्या आज्ञांबरोबरच, कोणत्याही विशिष्ट प्रोसेसरवर अवलंबून नसलेले त्याचे एक मधले रूपही साठवलेले असे. १९९५ मध्ये आयबीएमने या मालिकेचा ४८ बिटी प्रोसेसर काढून त्या जागी पॉवरपीसी घराण्यातला ६४ बिटी प्रोसेसर बसवला, तेव्हा ग्राहकाने आपले प्रोग्राम नव्या यंत्रावर नेले आणि यंत्राने त्या मधल्या रूपातून नव्या आज्ञा स्वतःच तयार केल्या. अनेक ग्राहकांना सोर्स कोड उघडावाही लागला नाही. अडले ते वेगळ्याच ठिकाणी. हे मधले रूप डिस्कवर जागा खाते म्हणून, किंवा त्यावरून आपला प्रोग्राम कोणी उलगडून पाहील या भीतीने, ते फाइलीतून काढून टाकण्याची मुभा होती आणि काही सॉफ्टवेअर विक्रेत्यांनी ते काढून टाकलेलेही होते. असे प्रोग्राम नव्या यंत्रावर जाऊ शकले नाहीत; त्यांच्यासाठी मूळ विक्रेत्याचे दार ठोठावावे लागले, आणि तो विक्रेता धंद्यात उरला नसेल तर इलाजच नव्हता. यंत्र बनवणाऱ्याने सगळी तयारी केली असतानाही मधल्या एका माणसाने वाचवलेली थोडीशी जागा वापरणाऱ्याला किती महागात पडू शकते, हे यावरून दिसते.

ॲपल कंपनीचे नाव या चर्चेत नेहमी आदराने घेतले जाते आणि ते रास्तही आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर होता. १९९४ मध्ये कंपनी पॉवरपीसीवर गेली, २००६ मध्ये इंटेलवर आणि २०२० च्या नोव्हेंबरपासून एआरएमच्या आज्ञासंचावर आधारलेल्या स्वतःच्या एम१ चिपवर. प्रत्येक वेळी तिने जुन्या आज्ञा नव्या प्रोसेसरला समजावून सांगणारा दुभाष्या बरोबर दिला. पहिल्या खेपेस तर ऑपरेटिंग सिस्टिमचाही मोठा भाग कित्येक वर्षे जुन्या आज्ञांतच होता आणि दुभाष्यामार्फत चालत होता. एम१ बरोबर आलेल्या रोझेटा २ या दुभाष्याची कामगिरी पाहून आम्हा शिक्षकांनाही आश्चर्य वाटले. तो शक्य तेथे प्रोग्राम चालू होण्याआधीच त्याचे भाषांतर करून ठेवतो, हे त्याच्या वेगाचे एक कारण. दुसरे कारण चिपमध्येच आहे. एका कोअरने स्मृतीत केलेले बदल दुसऱ्या कोअरला कोणत्या क्रमाने दिसावेत, याचे नियम एक्स८६ मध्ये कडक आहेत आणि एआरएममध्ये सैल आहेत. निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर ते कडक नियम पाळायचे, तर जवळपास प्रत्येक वाचन-लेखनाला अडसर घालावा लागतो आणि वेग कोसळतो. ॲपलने आपल्या चिपमध्ये गरजेपुरते हे कडक नियम लागू करण्याची सोयच ठेवली. चिप आणि सॉफ्टवेअर एकाच छताखाली बनवणाऱ्याला हे जमते. इतरांना ते सहज जमण्यासारखे नाही.

मात्र या यशोगाथेला एक बाजू आहे जी जाहिरातीत येत नाही. ॲपलचा दुभाष्या कायमचा नसतो. पॉवरपीसीचे प्रोग्राम इंटेलच्या यंत्रांवर चालवणारा पहिला रोझेटा २०११ च्या लायन आवृत्तीत काढून टाकला गेला. २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीत ३२ बिटी प्रोग्रामांना दरवाजा बंद झाला. रोझेटा २ ची पूर्ण सोय मॅकओएसच्या २७ व्या आवृत्तीपर्यंतच राहील आणि त्यानंतर काही जुन्या खेळांपुरती मर्यादित राहील, असे कंपनीने २०२५ मध्ये सांगितले आहे. ज्या प्रोग्रामचा मालक जागा आहे त्याला ही मुदत पुरते. ज्याचा मालकच हात झटकून बसला आहे त्या प्रोग्रामचे काय होते, याचा अनुभव आपल्या छपाईच्या व्यवसायाला आहे. पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या प्रोग्रामची सातवी आणि शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. मॅकच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ती कधी लिहिलीच गेली नाही. पॉवरपीसीच्या मॅकवर जुन्या सिस्टिमचे वातावरण निर्माण करून ती चालवता येत असे. इंटेलच्या मॅकवर ते वातावरणच नव्हते आणि त्यासाठी कोणताही रोझेटा उपयोगाचा नव्हता. विंडोजच्या आधारावर मराठीतील अनेक डीटीपी केंद्रे आजही त्याच पेजमेकरवर पुस्तके आणि लग्नपत्रिका लावत आहेत, हे आपणास मी सांगायला नको.

विंडोजच्या जगात गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे चिप एकाची, यंत्र दुसऱ्याचे, ऑपरेटिंग सिस्टिम तिसऱ्याची आणि प्रोग्राम हजारो जणांचे. १९९० च्या दशकात विंडोज एनटी ही सिस्टिम इंटेलखेरीज मिप्स, अल्फा आणि पॉवरपीसी या प्रोसेसरांसाठीही मिळत असे. डेक कंपनीचा अल्फा त्या काळी वेगात अग्रेसर होता आणि इंटेलचे प्रोग्राम त्यावर चालवण्यासाठी एफएक्स!३२ नावाचा कल्पक भाषांतरकारही होता. पण सॉफ्टवेअर कंपन्यांनी अल्फासाठी वेगळ्या आवृत्त्या काढण्यात फारसा रस दाखवला नाही आणि १९९९ मध्ये ती शाखा संपली. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने एआरएमवर चालणारे विंडोज आरटी काढले, तेव्हा तर जुने डेस्कटॉप प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवली नाही. पुढच्याच वर्षी त्यावर चालणाऱ्या आपल्या टॅबलेटच्या न खपलेल्या साठ्यापोटी कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला. इंटेल आणि एचपी यांच्या आयटेनियमची कथा याच वळणाची आहे. २००१ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर एक्स८६ चे प्रोग्राम चालवत असे, पण रडतखडत. २००३ मध्ये एएमडीने जुन्या एक्स८६ लाच ६४ बिटांची जोड दिली, जुने प्रोग्राम त्यावर पूर्ण वेगाने चालले आणि पुढच्याच वर्षी खुद्द इंटेलला तो मार्ग पत्करावा लागला. शुद्ध रचनेचे भोक्ते आजही एक्स८६ ला नावे ठेवतात. मला त्यांचे म्हणणे पटते, पण ग्राहकाचा निर्णय मला त्याहून अधिक पटतो.

आजचे एआरएमवरील विंडोज पुष्कळ सुधारले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २०१७ मध्ये ३२ बिटी, २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ६४ बिटी आणि २०२४ मध्ये प्रिझम या नव्या भाषांतरकारासह ते बऱ्याच जुन्या प्रोग्रामांना सामावून घेते. पण भाषांतर होते ते साध्या प्रोग्रामांचे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसून उपकरणे चालवणाऱ्या ड्रायव्हरचे भाषांतर होत नाही. तो एआरएमसाठी मुद्दाम तयार केलेलाच लागतो. आपल्याकडची खरी अडचण येथे सुरू होते, कारण आपल्या कार्यालयांतले काम ज्या छोट्या उपकरणांवर अडते ती सगळी ड्रायव्हरवर जगतात. कर सल्लागाराचे डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, आधार पडताळणीचे बोटांचे ठसे घेणारे यंत्र, जुना स्कॅनर, पावती छापणारा प्रिंटर आणि जुन्या मराठी फाँटच्या पॅकेजबरोबर येणारे कुलुपासारखे डोंगल, यांतले एक जरी अडले तरी उरलेला लॅपटॉप कितीही वेगवान असला तरी त्या दिवशी बिनकामाचा ठरतो. माझ्या ओळखीच्या एका कर सल्लागारांनी मोठ्या हौसेने असा लॅपटॉप घेतला. त्यावर हिशेबाचा प्रोग्राम व्यवस्थित चालला, ब्राउझर चालला, पण टोकनबरोबरचा ड्रायव्हर बसेना. टोकन विकणाऱ्याने ‘जुन्या पीसीवर लावा’ एवढेच उत्तर दिले. हल्ली सगळे वेबवर गेले आहे, त्यामुळे प्रोसेसर कोणता याने फरक पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जीएसटीच्या संकेतस्थळावर डिजिटल सही करून पाहावी. त्यासाठी संगणकावर वेगळा साहाय्यक प्रोग्राम बसवावाच लागतो.

ॲपलच्या नव्या लॅपटॉपचा असाच अनुभव आमच्या प्रयोगशाळेत येतो. अभ्यासक्रमातील असेंब्ली भाषेचे प्रयोग ६४ बिटी एक्स८६ साठी आहेत. एम मालिकेचा मॅक घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला ते करायचे, तर संपूर्ण एक्स८६ संगणकाची नक्कल करणारा क्यूइएमयूसारखा प्रोग्राम लावावा लागतो आणि तो संथ चालतो. यात दोष विद्यार्थ्याचा नाही आणि यंत्राचाही नाही. अभ्यासक्रमात एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह या आज्ञासंचांचे दोन-चार प्रयोग घातले, तर विद्यार्थ्याला एकाच आज्ञासंचाची सवय लागणार नाही आणि पुढे कोड लिहिताना त्याच्या हातून होणारे काही प्रमाद टळतील.

हे प्रमाद कोणते, ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण ‘पुन्हा कंपाइल केले की झाले’ असा समज व्यवस्थापकांत फार पसरलेला आहे. सी भाषेत अक्षर साठवण्याचा जो कॅर प्रकार आहे, त्यात ऋण संख्या मावते की नाही, हे भाषेने ठरवून दिलेले नाही. एक्स८६ वरील लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती मावते, एआरएमवरील लिनक्समध्ये मावत नाही. फाइल संपली हे कळवण्यासाठी उणे एक हा संकेत वापरला जातो. ज्या प्रोग्रामरने तो निष्काळजीपणे कॅरमध्ये साठवला त्याचा प्रोग्राम इंटेलवर वर्षानुवर्षे ठीक चालतो आणि एआरएमवर फाइलीच्या अखेरीस अनंत काळ फिरत राहतो. पूर्णांकाला शून्याने भागले, तर एक्स८६ प्रोसेसर तत्काळ अपवाद उभा करतो आणि प्रोग्राम थांबतो; एआरएम निमूटपणे शून्य हे उत्तर देऊन पुढे जातो. थांबणारा हिशेब बरा की चुकीचे उत्तर घेऊन पुढे जाणारा, हे ज्याने एखाद्या पतपेढीचे व्याज मोजले आहे त्याला विचारावे. आणि सर्वांत त्रासदायक चूक ती वर सांगितलेल्या स्मृतीच्या क्रमाची. एकाच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या दोन धाग्यांनी (थ्रेड) एकाच माहितीवर काम करताना आवश्यक तो अडसर प्रोग्रामर विसरला असेल, तर एक्स८६ च्या कडक नियमांमुळे ती चूक बहुधा झाकली जाते. एआरएमवर ती कधीतरी, भर गर्दीच्या वेळी उघडी पडते आणि तपासायला बसले की पुन्हा दिसत नाही. अशा चुका जुन्या कोडमध्ये आधीपासून असतात, नवा प्रोसेसर त्या फक्त बाहेर काढतो. पण दोष मात्र नव्या प्रोसेसरला लागतो.

आता स्वदेशी प्रोसेसरांकडे येतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रातील वेगा हे दोन्ही प्रकल्प रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत आणि त्यांना बळ देण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. आज्ञासंच खुला असल्याने कोणाला परवाना शुल्क द्यावे लागत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र रिस्क-फाइव्हमध्ये मूळ आज्ञा थोड्या आहेत आणि बाकीच्या जोडण्या ऐच्छिक आहेत. त्यामुळे ‘रिस्क-फाइव्हसाठी तयार केलेला प्रोग्राम’ एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या जोडण्या धरून तयार केला हेही सांगावे लागते. हा गोंधळ आवरण्यासाठी आरव्हीए२३ नावाची एक किमान यादी २०२४ मध्ये मंजूर झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या, लिनक्सवर आधारित उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीने तीच किमान अट म्हणून स्वीकारली. परिणामी तोवर विकल्या गेलेल्या रिस्क-फाइव्ह बोर्डांना त्या आवृत्तीचा उपयोग उरला नाही. त्यांना जुन्या आवृत्तीवरच राहावे लागले. स्वदेशी प्रोसेसर जाहीर करताना तो या यादीत बसतो की नाही, हे एका वाक्यात सांगितले जावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

या बाबतीत इस्रोचे उदाहरण मला अनुकरणीय वाटते. मार्च २०२५ मध्ये विक्रम ३२०१ आणि कल्पना ३२०१ हे दोन ३२ बिटी प्रोसेसर तयार असल्याचे जाहीर झाले. विक्रमचा आज्ञासंच स्वतःचा असल्याने त्यासाठी ॲडा भाषेचा कंपायलर, असेम्बलर, लिंकर आणि सिम्युलेटर ही सगळी साधने संस्थेला घरीच घडवावी लागली, आणि ती त्यांनी घडवली. कल्पनासाठी मात्र स्पार्कचा प्रस्थापित आज्ञासंच निवडला गेला, म्हणजे खुली साधने आयती वापरता येतील. रॉकेटमधील सगळे सॉफ्टवेअर संस्थेच्याच ताब्यात असते, म्हणून तेथे हे दोन्ही मार्ग शक्य होतात. तलाठी कार्यालयातल्या संगणकाला पहिला मार्ग उपलब्ध नाही.

केंद्र सरकारचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयीचे धोरण २०१५ पासून आहे आणि सरकारी प्रोग्रामांचा सोर्स कोड खुला करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे आहे. मी सुचवतो ती त्यापुढची पायरी आहे आणि तिला नवा कायदा लागत नाही, निविदेतील कलमे लागतात. राज्य शासनाने किंवा महानगरपालिकेने पैसे देऊन करून घेतलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स कोड खात्याच्या ताब्यात असावाच. पण तो सीडीत भरून कपाटात ठेवला तर त्याला अर्थ नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी त्या कोडवरून, विक्रेत्याच्या यंत्राला हात न लावता, एक्स८६ आणि एआरएम अशा दोन्ही यंत्रांसाठी प्रोग्राम तयार करून दाखवला जावा आणि दोन्हीकडे एकाच माहितीवर निघालेले अहवाल ओळीने ताडून पाहिले जावेत. प्रोग्राम उघडला आणि खिडकी दिसली म्हणजे चाचणी झाली, असे धरू नये. वर सांगितलेल्या चुका खिडकीत दिसत नाहीत, अहवालातल्या आकड्यांत दिसतात.

उपकरणांच्या बाबतीत तर उपाय अधिक सोपा आहे. स्मार्ट कार्ड आणि टोकन यांच्यासाठी सीसीआयडी हे प्रसिद्ध मानक आहे; ते पाळणारे टोकन ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालते आणि विक्रेत्याच्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. मानक पाळणारीच उपकरणे घ्यावीत, आणि जेथे तसे मानक नाही तेथे विंडोज व लिनक्स या दोन्हींसाठी, दोन्ही आज्ञासंचांवरील ड्रायव्हर खरेदीच्या दिवशीच मागावेत. नंतर मागितले तर मिळत नाहीत, कारण तोवर विक्रेता नवे उपकरण विकण्याच्या मागे लागलेला असतो.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. यापुढे एखाद्या नव्या प्रोसेसरच्या पत्रकार परिषदेला जाताना त्यांनी नॅनोमीटरविषयी अवश्य विचारावे, पण त्याबरोबर कोणत्या लिनक्सची कोणती आवृत्ती त्यावर आज चालते, कंपायलरमधील त्याचा भाग मूळ प्रकल्पात समाविष्ट झाला आहे की स्वतंत्र प्रतीत अडकला आहे, आणि त्या यंत्राला साधा प्रिंटर जोडून मराठीतले एक पान छापून दाखवता येईल का, हेही विचारावे. या तिसऱ्या मागणीचे उत्तर तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष मिळू शकते, आणि ते छापून आले तर आम्हा वाचकांना पुढे काय करायचे ते ठरवता येईल.

कळावे,
आपला नम्र,
संगणक अभियांत्रिकीचा एक शिक्षक, पुणे